पोट टेकता कामा नये

१८९४ साली न्यायमूर्ती रानड्यांनी एक खिन्न करणारा विषय हाती घेतला. मुंबई विद्यापीठातून बाहेर पडणारे हिंदू पदवीधर इतक्या लवकर का मरतात? त्या पिढीला हा प्रश्न काही अवचित पडलेला नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकर वयाची ३२ वर्षे पुरी होण्याआधीच गेले होते. कोशकार वामन शिवराम आपटे पस्तिशीपर्यंत पोचले नाहीत. हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग आदल्याच वर्षी ४३ व्या वर्षी वारले. आगरकरांचा दमा साऱ्या पुण्याला ठाऊक होता, आणि पुढच्याच वर्षी, १८९५ साली, तेही गेले, वय ३८. एवढी विद्वत्ता आणि एवढे तोकडे आयुष्य, हे गणित कुणालाही अस्वस्थ करणारेच होते.

पण या अस्वस्थतेला आणखी एक अस्तर होते आणि ते आरोग्याचे नव्हते. १८४१ साली मेकॉलेने वॉरन हेस्टिंग्जवर लिहिताना बंगाली माणसाच्या दुबळेपणाचे जे चित्र रंगवले, ते इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याच्या नजरेखालून पुढची कित्येक वर्षे जात राहिले. रोख बंगाल्यांवर होता, पण झोंबायचे ते सगळ्यांनाच झोंबले. साहेब आपल्याकडे पाहतो तेव्हा त्याला काय दिसते, हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस आपल्या दंडाकडे आणि छातीकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. टिळकांचे उदाहरण शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना पाठ आहे. १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास गुंडाळून ठेवला आणि तालीम, पोहणे, दूध असा क्रम लावला. परीक्षेत नापास झाले, शरीर मात्र कमावले, आणि पुढे मंडालेची सहा वर्षे ते त्या भांडवलावर काढू शकले. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. सतरा वर्षांच्या पोराला आपल्या काटकुळ्या देहाची किती लाज वाटत असेल, हे मात्र सांगायचे राहून जाते.

तालमी तर महाराष्ट्रात होत्याच. पेशवाईतले बाळंभट देवधर, त्यांचा मल्लखांब, गावोगावचे लाल मातीचे हौदे, समर्थ रामदासांनी स्थापलेले मारुती. समर्थ टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. पण तालमीत आरसा नव्हता. पैलवानाची परीक्षा कुस्तीत होई, आणि तिथे समोरच्याची पाठ लागली की प्रश्न मिटला. दंडाचा घेर किती इंच, हे मोजून वहीत टिपण्याचे कारणच नव्हते. शरीर कसे दिसते आणि त्याची मापे काय, ही काळजी आपल्याकडे आली ती आगबोटीने.

ती घेऊन आलेल्या माणसाचे नाव यूजेन सँडो. प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात १८६७ साली जन्मलेला फ्रीडरिख म्यूलर. १८८९ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅक्वेरियममध्ये त्याने सॅम्सन नावाने गाजणाऱ्या पैलवानाला हरवले आणि एका रात्रीत तो प्रसिद्ध झाला. १८९३ साली शिकागोत फ्लोरेन्झ झीगफेल्ड या चलाख तमासगिराने त्याच्या खेळाचे मर्म ओळखले: लोकांना याने वजन उचललेले पाहण्यापेक्षा याला पाहण्यातच जास्त रस आहे. तिथून पुढे सँडो ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहू लागला, अंगावर जेमतेम झाकण्यापुरते वस्त्र, आणि प्रेक्षक पैसे मोजून ते पाहू लागले. १८९७ साली लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्याने व्यायामसंस्था काढली, त्याच वर्षी शक्ती कशी मिळवावी यावर पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी मासिक. या पुस्तकात आणि मासिकात शिष्यांची छायाचित्रे असत, त्यांची मापे असत: छाती, दंड, मांडी, पोटरी, व्यायाम करण्यापूर्वी इतकी आणि आता इतकी. १४ सप्टेंबर १९०१ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत एक शिल्पकार होते आणि दुसरे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. त्याच साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी सँडोच्या सबंध अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला गेला. युरोपियन माणसाचा आदर्श नमुना म्हणून संग्रहालयात एक देह ठेवायचा, ही कल्पना त्या काळात कुणाला हास्यास्पद वाटली नाही. साम्राज्याकडे आता दुबळ्यांच्या वर्णनासोबत सबळाचे मापही तयार होते.

सँडोची पुस्तके आणि साधने औंध संस्थानच्या वाड्यात पोचली ती १८९७ सालीच. मागवणारे होते राजपुत्र भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, वय २८-२९, पदवीधर. रानड्यांनी ज्यांची चिंता केली त्या जातकुळीतले, फक्त राजघराण्यातले. साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्यात प्लेग होता, साथ हटवायला आलेले गोरे सोल्जर घराघरांत घुसून माणसे तपासत होते, आणि २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. या चापेकरांनीही आधी मुलांना जमवून व्यायामाचे मंडळच काढले होते. एकाच हंगामात एका घरात व्यायाम पिस्तुलापर्यंत गेला आणि दुसऱ्या घरात तो लंडनहून पार्सलने आला.

भवानरावांनी हे काम चार दिवसांची हौस म्हणून केले नाही. पुढे स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांनी दहा वर्षे सँडोच्या सूचनांबरहुकूम नेमाने व्यायाम केला. दहा वर्षे! आजकाल जिमची वर्षाची फी भरून माणसे संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत. सँडो स्वतः १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, गावोगावी तंबूत त्याचे खेळ झाले, आणि सुशिक्षित तरुणांत त्याचे नाव शक्तीला पर्याय म्हणून रुळले. बिनबाह्यांच्या बनियनला आपण आजही सँडो म्हणतो, ती त्याचीच उरलीसुरली खूण. आंध्रातल्या राममूर्ती नायडूंसारखे आपले बलवानही मग त्याच्या तोडीस तोड म्हणून गाजवले जाऊ लागले. आपला माणूस किती बलवान, याचे माप पुन्हा तेच, परक्याचे.

इथे जरा थांबून दुसऱ्या एका टेपकडे पाहिले पाहिजे, कारण या इतिहासात तिची आठवण सहसा कुणी काढत नाही. सैन्यभरतीच्या वेळी जवानाची उंची आणि छाती मोजतात. कोकणातले आणि देशावरचे महार कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. १८९० नंतर ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत बोकाळला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. छाती किती भरते हे पाहण्याची गरजच उरली नाही, टेप पिशवीतून बाहेरच निघाली नाही. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः फौजेतून निवृत्त झाले होते, याविरुद्ध १८९४ साली अर्ज तयार केला. त्यानंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडूनही टाकली. पुस्तकांनी वाकलेल्या ब्राह्मण तरुणाला निदान सांगितले जात होते की व्यायाम कर म्हणजे तू मर्द ठरशील. ज्यांचे खांदे रुंद आणि पाय कणखर होते, त्यांना सांगितले गेले की तुमच्या अंगाचा उपयोग नाही. शरीरावरची टीका शरीर पाहून केलेली असते असे नाही, हे या दशकाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आता पुन्हा औंधला. १९०८ च्या सुमारास भवानरावांनी सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरले. मिरजेच्या संस्थानिकांचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते नेमाने नमस्कार घालत. दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, भवानराव औंधच्या गादीवर आले. ७२ गावे, ५०० चौरस मैलांच्या आसपास मुलूख, आणि तोही एकसंध नव्हे. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही पार विजापूरच्या बाजूला. या चिमुकल्या संस्थानाचा हा राजा मोठा अजब होता. स्वतः चित्रे काढी, कीर्तने करी, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देई, महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेला लाखाचा आधार देई. पंडित सातवळेकर वेदांचा पसारा घेऊन औंधला राहायला आले तेही याच राजाच्या आश्रयाने, आणि त्यांनीही आसने व नमस्कारांवर लिहिले. पण या सगळ्या नादांत पंतांचा जीव अडकला तो नमस्कारात.

त्यांनी नमस्कार शोधून काढले नाहीत. ते आधीपासून होते: कुणी सूर्याची उपासना म्हणून घालत, कुणी नवस म्हणून, कुणी प्रकृतीसाठी. पंतांनी त्यांना बांधीव रूप दिले. दहा अवस्था, प्रत्येकीचा क्रम ठरलेला, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते ठरलेले, आणि सोबत ॐ ह्रां, ॐ ह्रीं हे बीजमंत्र व सूर्याची नावे. हात जोडून ताठ उभे राहायचे. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लावायचे. एक पाय मागे, मग दुसरा. आणि मग साष्टांग. या साष्टांगातच खरी मेख आहे. दोन पायांचे चवडे, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि कपाळ, अशी आठ अंगे जमिनीला लागली पाहिजेत. पोट मात्र नाही. ते आत ओढून अधांतरी धरायचे. ज्याने हे करून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की छाती टेकलेली आणि पोट उचललेले, हे सुटलेल्या पोटाच्या माणसाला पाच-सात नमस्कारांनंतर साधत नाही. मास्तर बाजूने फिरत असतो, खाली वाकून पाहतो आणि ओरडतो, ‘पोट! पोट!’ मग छाती वर काढून पाठीचा कणा मागे वळवायचा, कंबर वर उचलायची, पाय पुढे घ्यायचा आणि पुन्हा उभे राहायचे. साधन लागते ते एक सतरंजी.

पंतांच्या जमा बाजूला हे मांडलेच पाहिजे: लंडनहून स्प्रिंगा मागवण्याची ऐपत नसलेल्या माणसाला त्यांनी फुकटचा, घरातला, ऊनपावसात न अडणारा व्यायाम दिला. तो बायकांनाही खुला केला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत. संस्थानच्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार होते.

आणि सक्तीचे होते. राजाने शोधलेला आरोग्याचा मार्ग प्रजेने मानायचा की नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारायचा कुणाला? राजा शाळा तपासायला येणार, आणि गणितापेक्षा नमस्कार कसे होतात हे आधी पाहणार, हे मास्तरांनी ओळखले असणार. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर दोघेही औंधच्या शाळेत शिकले. त्या शाळेची सकाळ अशीच उजाडायची. प्रेमळ राजाची सक्ती ही सर्वांत अवघड सक्ती, कारण तिच्याविरुद्ध तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. पाठ दुखणारे, पोट सुटलेले, अर्धपोटी येणारे पोर त्या रांगेत काय विचार करत असेल, हे कुणी नोंदवून ठेवलेले नाही. आटपाडीच्या बाजूला तर दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिथल्या पोराला पोट आत ओढायला वेगळे शिकवावे लागत नव्हते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस पंतांचे सूर्यनमस्कारांवरचे पुस्तक इंग्रजीतही निघाले. त्याच्या नावातच तीन आश्वासने होती: आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य. यातले मधले आश्वासन उपासनेचे नव्हे, कचेरीचे आणि गिरणीचे आहे. मंत्रोच्चारांचे समर्थनही आता कंपनांच्या भाषेत आले. बीजाक्षरांच्या कंपनांनी शरीरातल्या इंद्रियांना चालना मिळते, असे पंत मांडत. सँडोची साधने अडगळीत गेली, त्याचा हिशेबीपणा राहिला.

हा काळच तसा होता. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढत होते, बडोद्याला राजरत्न माणिकरावांची जुम्मादादा व्यायाममंदिर ही संस्था होती, त्यांचेच शिष्य कुवलयानंद लोणावळ्याला १९२४ पासून योगाचे प्रयोग क्ष-किरणांनी तपासत होते, आणि बडोद्यातच द. चिं. मुजुमदार दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशाच्या तयारीला लागले होते. एवढा कागद व्यायामावर मराठीने ना त्याआधी खर्च केला ना नंतर. बंगळूरला के. व्ही. अय्यर लंगोटावर ग्रीक पुतळ्याच्या पवित्र्यात छायाचित्रे काढून घेत, टपालाने धडे पाठवीत आणि बारबेलच्या जोडीला नमस्कार शिकवीत. पंतांनी जे दोन मार्ग एकामागून एक चोखाळले ते अय्यरांनी एका आखाड्यात आणले, आणि आरसा उघड उघड भिंतीवर लावला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

१९३६ साली पंत विलायतेला गेले. त्याच उन्हाळ्यात अमरावतीची मुले बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने हिटलरच्या राजधानीत देशी खेळ दाखवत होती. लंडनमध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या लुईझ मॉर्गन पंतांना भेटल्या. साठी उलटून सात-आठ वर्षे झालेला राजा वयाच्या मानाने कितीतरी तरुण दिसतो, हे त्यांनी हेरले. त्यांचे लेख छापून आले आणि वाचकांचा, विशेषतः वाचक स्त्रियांचा, प्रतिसाद मिळाला.

तो मिळणारच होता. लंडन त्या वेळी कंबरेच्या मापाने पछाडलेले होते. युद्धाआधीच्या बाईला कॉर्सेट आवळून कंबर मिळत असे. आता कॉर्सेट गेले, कपडे अंगासरशी आले, आणि जे पूर्वी कापड आणि दोऱ्या करत ते काम बाईच्या स्वतःच्या स्नायूंवर पडले. मेरी बॅगट स्टॅक या विधवेने १९३० साली स्त्रियांची ‘आरोग्य आणि सौंदर्य’ संघटना काढली होती. सहा पेनीत एक तास, पांढरे बिनबाह्यांचे पोलके, काळी साटिनची आखूड चड्डी, आणि हाइड पार्कमध्ये शेकडो टंकलेखिका आणि दुकानांतल्या पोरी एका तालात कवायत करत. गंमत अशी की या बाई १९१२ च्या सुमारास नवऱ्याच्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात राहिल्या होत्या आणि काही आसने त्यांनी इथेच पाहून उचलली होती. म्हणजे पंत लंडनला पोचण्यापूर्वीच त्यांच्या मालासाठी दुकान तयार होते.

१९३८ साली डेंट या प्रकाशनाने पंतांच्या नावाने आणि मॉर्गनबाईंच्या संपादनाने पुस्तक काढले: आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग. दहा अवस्था त्याच. मंत्रही होते. पण ज्या साष्टांगात पोट उचलायचे कारण आठ अंगे देवाला वाहायची हे होते, तेच पोट उचलणे आता सडपातळ बांध्यासाठी उपयोगी पडू लागले. तारुण्य टिकेल, चेहरा तजेलदार होईल, घरच्या घरी, दिवसातून थोडा वेळ. पंतांना यात काही खटकले असे दिसत नाही. खटकायचे कारणही नव्हते. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लंडनहून जे मागवले होते ते हेच आश्वासन होते, फक्त पुरुषांच्या मापाचे. गिऱ्हाईक म्हणून ज्या शहराशी त्यांचा व्यवहार सुरू झाला, तिथे ते आता विक्रेते म्हणून उभे होते.

त्याच १९३८ च्या अखेरीस या राजाने आणखी एक अजब गोष्ट केली. गांधीजी आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने, मुलगा अप्पासाहेब पंत याच्या आग्रहाने, त्याने संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती द्यायचे जाहीर केले, आणि १९३९ च्या आरंभी गावपंचायतींवर उभारलेले संविधान लागू झाले. हिंदुस्थानातल्या साऱ्या संस्थानिकांना वेडे वाटेल असे ते पाऊल होते. १९४८ मध्ये औंध विलीन झाले, १९५१ मध्ये पंत वारले. अप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले आणि १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तोवर पश्चिमेत योगाचे वर्ग सुरू झाले होते, म्हैसूरच्या परंपरेतून निघालेल्या शिक्षकांनी नमस्कार आपल्या आसनांना जोडून घेतले होते, आणि शिकणाऱ्यांना ते हजारो वर्षांपूर्वीचे म्हणून सांगितले जात होते. आपल्याकडे रथसप्तमीला शाळांच्या मैदानांवर एकशे आठ नमस्कारांचे विक्रम होतात, आणि दुसरीकडे त्याच एकशे आठ नमस्कारांत वजन किती उतरते याच्या जाहिराती होतात. ते प्राचीन की अर्वाचीन यावर कडाक्याचे वाद झडतात; त्या वादात दोन्ही बाजूंना १८९७ चे ते पार्सल अडचणीचे असते. औंधच्या टेकडीवर पंतांनी १९३८ साली बांधून घेतलेल्या संग्रहालयात त्यांनी जमवलेली चित्रे आणि संगमरवरी पुतळे आजही पाहायला मिळतात. यमाईच्या देवळाची चढण मोठी आहे.